चौसष्टावी ओळख

अरे बाबा,

रविवारी तू येशील. चपला भिंतीला लावून सरळ काढशील, स्टूल ओढून बसशील आणि विचारशील, "आत्या, गुडघा काय म्हणतो?" मी म्हणेन, "माझ्याशी बोलत नाही." तू हसशील, घड्याळ बघशील, चारची गाडी पकडायची म्हणून उठशील, आणि मला जे सांगायचंय ते पुन्हा राहून जाईल. दीड वर्ष हेच चाललंय. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहिते.

पण तू समोर आहेस असं धरून लिहायला घेतलं की चौथ्या ओळीत मी तुला झापायला लागते. तीन कागद फाडले. तेव्हा आता तुला 'तो' म्हणते आणि मला 'आत्या'. तुला ठाऊक असलेलं पुष्कळ येईल, ते मुकाट्याने वाच. ठाऊक नसलेलं शेवटाकडे आहे.

तो बसडेपोत ड्यूटीचे तक्ते करायचा. सव्वीस वर्षं. एकशे अडतीस ड्रायव्हर, जवळजवळ तितकेच कंडक्टर, आणि कोणत्या वारी कोणी कोणती गाडी काढायची हे दर आठवड्याला एका भल्यामोठ्या कागदावर मांडायचं. तीन फुटी पट्टी, टोक केलेल्या सहा पेन्सिली आणि झिजून गोळीएवढं झालेलं खोडरबर, एवढा त्याचा संसार. शनिवारी दुपारी तक्ता काचेच्या कपाटात लावून कुलूप घातलं की लोक काचेला नाक लावून आपलं नाव शोधायचे.

"तक्तेबुवा, परत पहाटेची? मागच्या जन्मी कोंबडा होतो की काय मी?"

"मागच्या जन्मीचं माहीत नाही," हा आतून म्हणायचा. "या जन्मी बायको पाचला उठवून भांडते म्हणाला होतास. म्हटलं, तिचा वेळ वाचेल."

डेपोत त्याला सगळे तक्तेबुवाच म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

तक्ता म्हणजे नुसत्या रेघा नव्हेत, हे कळायला त्याच्या शेजारी तासभर बसावं लागायचं. कागदावर नसलेल्या गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या. एका ड्रायव्हरला मावळतीचं ऊन डोळ्यांवर सोसत नाही, त्याला संध्याकाळी पश्चिमेची गाडी द्यायची नाही. दोघं साडू, एका लग्नातल्या मानापानापासून अकरा वर्षं अबोला, त्यांना एका गाडीवर घालायचं नाही. एकाला लांब बोगद्यात छाती भरून येते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, तक्तेबुवांना सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत त्या माणसाचं नाव बोगद्याच्या गाडीपुढे एकदाही आलं नाही आणि का आलं नाही हे कोणी विचारलंही नाही. चांगल्या तक्त्याची खूण हीच, की त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आणि शाळांच्या गणवेशांचे ढीग, आतल्या खोलीत खाटेवर सासरे. चार वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत. बायकोच्या कण्यातल्या दोन चकत्या सरकलेल्या. डॉक्टरांनी तिला भरलेली बादलीसुद्धा उचलायला मनाई केली होती. तेव्हा सकाळी पाचला आणि संध्याकाळी सातला सासऱ्यांना उचलून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि परत खाटेवर आणण्याचं काम त्याचं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, एक, दोन, आणि तीनला वर.

"कंडक्टर," सासरे हवेत असताना म्हणायचे, "सुटे नाहीत हो माझ्याकडे."

"राहू द्या. परतीच्या फेरीत द्या."

"पुढचा स्टॉप कुठला?"

"न्हाणीघर. उतरणाऱ्यांनी पुढे या."

रोज तेच, आणि रोज दोघं हसायचे. बायको मशीनवरून ओरडायची, "बाबा, हलू नका, दोघंही पडाल!" हा घरातला तक्ता, आणि तो फक्त त्याच्या दोन हातांवर उभा होता. त्याचे हात रोज पाचला आणि सातला तिथे असायला हवेत. पुढचं सगळं एवढ्यासाठीच घडलं.

महिन्याच्या एक तारखेला डेपो मॅनेजरने त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे बातमी वाईट. मुख्य कचेरीने सगळ्या डेपोंसाठी एकच नवी यंत्रणा घेतली होती. तक्ते आता संगणक करणार, तक्तेवाल्यांच्या जागा रद्द. त्याची बदली चार तासांवरच्या मोठ्या डेपोत, प्रवाशांच्या विसरलेल्या सामानाच्या कोठारात.

"साहेब, माझ्या घरी..."

"माहीत आहे हो," मॅनेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. "मी एक करू शकतो. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला मोठे साहेब येतायत. तुम्ही ते प्रोग्रामिंग का काय ते शिकत होतात ना वाचनालयाच्या वर्गात? आपल्या डेपोचा तक्ता करणारा प्रोग्राम तुम्हीच करून दाखवा. आपले साडू, आपला बोगदा, सगळं धरून. साहेबांना पटलं तर यंत्रणेच्या शेजारी एक जाणता माणूस हवा म्हणून तुम्हाला इथेच ठेवून घेता येईल. पण कुठे बोलू नका. बाकीचे माझ्या डोक्यावर बसतील."

दोन महिने. एकोणपन्नासाव्या वर्षी. वाचनालयाच्या वर्गात त्याने हौसेने शिकलेलं सामान म्हणजे पोहायला शिकताना काठ धरून हातपाय मारावेत इतपत. पण तो बसला. पाचला सासऱ्यांना उचललं की सव्वापाच ते सात, गणवेशांचा ढीग बाजूला सारून, शिलाईच्या टेबलावर. पाच आठवड्यांत प्रोग्राम उभा राहिला. साडू वेगळे बसले, बोगदा टळला, ऊन टळलं. त्या सकाळी त्याने बायकोला मशीनवरून उठवून पडद्यासमोर आणलं. ती म्हणाली, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुमचा चेहरा बघून बरं वाटतंय."

मग एक गोष्ट लक्षात आली. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी पोचणाऱ्या तीन लांबच्या गाड्या होत्या. त्यांच्या ड्रायव्हरांना प्रोग्राम सोमवारी पहाटे मोकळे समजायचा आणि दुसरी गाडी द्यायचा. एकच माणूस एकाच वेळी दोन गाड्यांवर. हाताने तक्ता करताना ही चूक त्याने जन्मात केली नव्हती. ती दुरुस्त करायला गेला की प्रोग्राम जागच्या जागी गोठायचा. पाच सकाळी गेल्या. वर्ग घेणारा मास्तर शहर सोडून गेलेला. हातात राहिले एकोणीस दिवस.

जाता जाता त्या मास्तराने फळ्यावर एक पत्ता लिहून दिला होता: इंटरनेटवरचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा कट्टा. हजारो माणसं, एकमेकांना अडचणी विचारायच्या, सोडवायच्या, फुकट. तो तिथे गेला.

कट्ट्याचे नियम साधे होते. नव्या माणसाने आधी 'नव्यांची ओळख' या पानावर स्वतःविषयी लिहायचं. त्या ओळखीला कोणाही एका सभासदाने उत्तर दिलं, मग तो दहा वर्षांचा जुना असो की आज सकाळचा, की प्रश्न विचारायचं दालन उघडतं. तोवर दार बंद. आत काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही. उत्तर मिळालेली ओळख पानावरून निघून जाते, बाकीच्या वाट बघत राहतात. आणि एका घरच्या जोडणीवरून एकच सभासद, म्हणजे स्वतःच स्वतःचं स्वागत करायला नको.

त्याने ओळख लिहिली. दोन सकाळी घालवल्या तिच्यावर. अशी होती:

"नमस्कार. माझे वय एकोणपन्नास. मी बसडेपोत ड्यूटीचे तक्ते करतो. माझा तक्ता चुकला तर एखाद्या थांब्यावर माणसे उभी राहतात आणि गाडी येत नाही, म्हणून चुकू नये असे मला वाटते. प्रोग्राम लिहिण्यात मी अगदी नवा आहे. माझी एक अडचण आहे, ती नियमाप्रमाणे आत आल्यावर विचारीन. कोणाला तक्त्यांविषयी काही मदत लागली तर मी करू शकेन. सकाळी सव्वापाच ते सात मी इथे असतो."

लिहून झाल्यावर त्याने पान वर सरकवलं आणि पाहिलं, की आपल्या आधी त्रेसष्ट जण आहेत. आपला नंबर चौसष्टावा.

आता इथे दुसरा कोणी असता तर काय करता? स्वतःची ओळख खाली टाकून आरडाओरडा करता, 'अहो, माझं तातडीचं आहे' म्हणता. पण हा तक्तेबुवा. याच्या लेखी जिथे माणसं एकाखाली एक उभी, तिथे रांग; आणि रांग म्हटली की खिडकी आली, खिडकीत कोणीतरी बसलेला आला, तो वरून खाली येणार. याने दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहिली. सगळ्यात वरची बाई, एक बेकरीवाली, चार महिन्यांपूर्वी आलेली, तिथेच उभी.

"खिडकीवर कोणी नाहीये," तो बायकोला म्हणाला.

"मग?"

"मग काय. आपल्याकडे तिकिटाच्या खिडकीवर कोणी नसलं की ऑफिसातला कोणीतरी जाऊन बसतो. रांग सरकवायची."

आणि हा शहाणा दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊन बसला! पहिल्या त्रेसष्ट जणांना आपण उत्तरं दिली की आपण रांगेत पुढे, मग जो कोणी जबाबदार असेल त्याला आपण दिसू, असा त्याचा हिशोब. त्या कट्ट्यावर रांग नव्हती, खिडकी नव्हती, जबाबदारही कोणी नव्हतं. पण सव्वीस वर्षं ज्याने माणसांना ओळीत बसवलं, त्याला ओळ नसलेली जागा दिसावी कशी?

बरं, स्वागत तरी झटपट करावं? नाही. एकेक ओळख तो मन लावून वाचायचा. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सने लिहिलं होतं की मला अभ्यासाला बसलं की झोप येते. त्याने लिहिलं, "पाळीवरून आल्या आल्या बसू नका. झोपून उठल्यावर तासभर बसा, आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नको." बेकरीवालीला ग्राहकांच्या मागण्या घेणारं पान करायचं होतं, तिला त्याने पहाटेच्या भट्टीच्या वेळा धरून आठवड्याचा अभ्यासाचा तक्ता आखून दिला. एका माणसाने एवढंच लिहिलं होतं: 'घरी बसून आहे. काही सुचत नाही.' त्याला उत्तर द्यायला याला अख्खी एक सकाळ लागली. काय लिहिलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

दिवसाला सरासरी सात. नऊ दिवस. एकीकडे रेघा मारलेल्या वहीत अनुक्रमांक, टोपणनाव, तारीख, उत्तर दिल्याची खूण. लोक आपापल्या ओळखीखाली लिहायचे, 'धन्यवाद दादा', 'फार बरं वाटलं'. त्यांचं दार उघडायचं, ओळख पानावरून निघून जायची, आणि तेही आत निघून जायचे. मागे वळून याची ओळख बघायचं एकालाही सुचलं नाही. का सुचावं? आत जाणारा माणूस दार उघडणाऱ्याला बाहेर उभा धरत नाही, आतलाच धरतो.

मागाहून आत्याने विचारलं होतं, "अरे मूर्खा, 'स्वागत' एवढा एक शब्द लिहून अर्ध्या तासात त्रेसष्ट उडवायचेस ना!"

"आत्या, माणूस एवढं स्वतःविषयी लिहितो, आणि आपण नुसता शिक्का मारायचा?"

दहाव्या सकाळी पानावर तो सगळ्यात वर होता. खुर्ची पुढे ओढून बसला. 'उत्तरे: शून्य.' त्याच्याखाली दोन नवे आले, आणि चहा गाळून होईपर्यंत दोघंही गायब. तेव्हा कुठे उजेड पडला. येणारे एकटे येत नव्हते. मित्र, भाऊ, ऑफिसातला सोबती असं आपलं माणूस घेऊन येत होते. ते माणूस मागोमाग एक ओळ लिहायचं आणि दार उघडायचं. रांगेत उभे होते ते फक्त आपलं माणूस नसलेले. त्रेसष्ट आणि हा एक.

उरले आठ दिवस. डेपोत सांगायची बंदी. बायको त्याच घरच्या जोडणीवर. राहिली आत्या.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण, मागच्या गल्लीत एकटी राहणारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिच्याकडे संगणक होता. त्यावर ती बिलं भरायची आणि उरलेला दिवस पत्ते लावायची.

"आत्या, एक काम आहे. पाच मिनिटांचं." त्याने सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी तिथे जाऊन तुझ्यासाठी शब्द टाकायचा?"

"शब्द नाही गं, नुसतं स्वागत."

"तेच ते. वशिला. पस्तीस वर्षं नोकरी केली, सख्ख्या भावासाठी शब्द टाकला नाही. देईल तुला कोणीतरी उत्तर. एवढ्या लोकांना तू दिलीस, त्यांना काही लाज असेल की नाही?"

तो हो म्हणाला आणि गेला. वाद घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. दोन दिवसांनी परत आला. या वेळी बसला नाही. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, माझी बदली झाली तर बाबांना उचलणार कोण?" आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे काही मागत होता. खिशातून एक कागद काढून त्याने तिच्या हातात ठेवला. तिला सोपं जावं म्हणून पट्टीने रेघा मारून पाच पायऱ्या लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे खूण करायला एक चौकोन. एक: पत्ता टाइप करणे. दोन: निळे बटण दाबणे, फोन नंबर देणे. तीन: स्वतःची ओळख लिहिणे (काहीही चालेल). चार: यादीत सर्वात वर मी आहे, तिथे दाबणे. पाच: 'स्वागत आहे. तुमचा प्रश्न विचारा.' असे लिहिणे.

"रविवारी करते," आत्या म्हणाली. "नक्की."

रविवार म्हणजे चार दिवस शिल्लक.

सोमवारी त्याने डेपोतून फोन केला. "आत्या, झालं का गं?"

"हो रे बाबा, झालं. तू तुझं काम बघ."

मंगळवारी पहाटे त्याने पान उघडलं. शून्य. त्याने बायकोला सांगितलं की त्यांच्या यंत्राला वेळ लागत असेल. हजारो माणसं आहेत, कुठे कुठे पोचणार. बुधवारीही शून्य. बायको म्हणाली, "आत्यांना एकदा परत विचारा ना."

"कशाला? झालं म्हणाली म्हणजे झालं. परत विचारलं तर तिला वाटेल, विश्वास नाही."

त्या बुधवारी संध्याकाळी सासऱ्यांना उचलताना त्याने 'तीन' म्हणायच्या आधी दोनदा पकड बदलली. सासऱ्यांनी विनोद केला नाही. खाटेवर टेकल्यावर हळूच म्हणाले, "जावईबापू, गाडी फार भरलीय का हो?"

गुरुवारी, तीस तारखेला, मोठे साहेब आले. मॅनेजरच्या खोलीत सहा जण संगणकाभोवती. त्याने प्रोग्राम चालवला. साडू वेगळे, बोगदा टळला; मॅनेजर स्वतःचीच करामत असल्यासारखा हसत होता. मग साहेबांनी बोट ठेवलं.

"हा माणूस सोमवारी सकाळी सहाला इथेही आहे आणि तिथेही आहे?"

"साहेब, ती एक अडचण आहे. रविवारची गाडी सोमवारी पोचते, तेव्हा..."

"एकाच वेळी दोन गाड्या चालवतो म्हणा ना. याला इथे कशाला ठेवताय, सर्कशीत द्या!"

सगळे हसले. मॅनेजर सगळ्यात मोठ्याने. साहेब उठले, दुसऱ्या खोलीत चहा होता. हा एकटाच पडद्यासमोर उभा राहिला. ज्याने सव्वीस वर्षांत एक माणूस दोन गाड्यांवर घातला नाही, त्याच्या नावावर शेवटचा तक्ता तो लागला.

पुढच्या आठवड्यात नवी यंत्रणा बसवायला एक तंत्रज्ञ आला. काचेच्या कपाटाची किल्ली त्याच्या स्वाधीन करताना याने सहज म्हणून ती अडचण विचारली. त्या माणसाने उभ्या उभ्या पाहिलं. "वार आणि वेळ वेगवेगळे धरलेत तुम्ही. एकत्र धरा, तारखेसकट. दोन ओळी बदला. पाच मिनिटांचं काम आहे हो. कोणाला विचारलं नाहीत?"

"विचारणार होतो," तो म्हणाला.

तो चार तासांवर गेला. विसरलेल्या छत्र्या, एकेक चप्पल, जेवणाचे डबे, एकदा दातांची कवळी. प्रत्येक वस्तूला तो चिठ्ठी बांधतो आणि फडताळात ओळीने ठेवतो. आठवड्यातून एकदा घरी येतो.

घरी पहिले दहा दिवस शेजारचे हात लावायला आले. मग शेजाऱ्यांच्याही अडचणी निघाल्या. अकराव्या दिवशी सकाळी बायकोने एकटीने उचलायला घेतलं. एक, दोन, आणि तीनला तिच्या कमरेतून कळ गेली. दोघंही फरशीवर. तिला उठता येईना, त्यांना उठता येईना. गणवेश न्यायला शाळेचा शिपाई दहा वाजता आला तोवर बाप-लेक शेजारी शेजारी छताकडे बघत पडले होते. सासऱ्यांचा खुबा मोडला. बायको दीड महिना झोपून. मग सासऱ्यांना म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे दोन माणसं येऊन त्यांना उचलतात, नीट उचलतात, तक्रारीला जागा नाही. आत्या भेटायला गेली तेव्हा ते हवेत होते. तोंडातून एक शब्द आला नाही. सुटे नाहीत, स्टॉप कुठला, काही नाही. सामान उचलल्यासारखं उचललं आणि ठेवलं.

आता पुन्हा 'तू' म्हणते. पुढचं 'तो' म्हणून लिहिणं म्हणजे पळ काढणं होईल.

त्या रविवारी मी बसले होते रे. तुझा कागद समोर ठेवून बसले. पहिली पायरी झाली, मी खूण केली. निळं बटण, फोन नंबर, दुसरी खूण. मग एक रिकामा चौकोन आला: 'तुम्ही कोण? काय करता? इथे का आलात? किमान पन्नास शब्द.' मी लिहिलं, निवृत्त. एकटी राहते. गुडघा दुखतो. पत्ते लावते. मोजले तर सात शब्द. खाली त्रेचाळीस हवेत म्हणून लाल अक्षरांत येत होतं. अर्धा तास त्या चौकोनाकडे बघत बसले. मला राग आला. या लोकांना काय करायचंय मी कोण ते, असं मोठ्याने म्हटलं आणि बंद केलं. उद्या बघू म्हटलं. पत्ते लावले. तुझी एवढी मोठी ओळख होती, मी वाचली होती, तू छापून आणली होतीस. तुला ती लिहायला किती लाज गिळावी लागली असेल ते मला त्या अर्ध्या तासात कळलं, आणि कळूनही मी पत्ते लावले.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा दूध उतू जात होतं. 'झालं' म्हटलं. तुला फोनवरून उडवायला म्हटलं, आणि संध्याकाळी करून टाकू, मग खोटं ठरणार नाही, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी तो चौकोन पुन्हा आठवला. मंगळवारी वाटलं, आतापर्यंत त्याला दुसऱ्या कोणी दिलं असेल. बुधवारी विसरले. विसरले म्हणजे आठवू दिलं नाही.

तुला वाटतं यंत्राने घोळ घातला. तुझी बायको मला म्हणाली, "आत्या, तुम्ही तरी केलंत, त्या यंत्राचंच नशीब फुटकं." मी तिच्या हातचा चहा प्यायले.

मागच्या महिन्यात मी ते पान उघडून पाहिलं. तू अजून सगळ्यात वर आहेस. 'सकाळी सव्वापाच ते सात मी इथे असतो.' उत्तरे: शून्य. तुझ्याखाली एकशे बारा जण उभे आहेत. खिडकीवर परत कोणी बसलेलं नाही.

तुझा कागद माझ्या चष्म्याच्या घरात आहे. पहिल्या दोन पायऱ्यांपुढच्या चौकोनांत माझ्या खुणा आहेत. तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही. पाचव्या पायरीपुढचा चौकोन तू इतरांपेक्षा जरा मोठा काढला होतास, मला दिसावा म्हणून. तोही तसाच आहे.